सुरुवातीच्या आगबोटी आणि तळ्यातला बर्फ: एवढ्या पातळ बर्फाने बोट फुटते कशी?

बफेलोकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज मुलामुळे धागा काढतोय.

अमेरिकेत, बफेलोत येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. एरी सरोवर घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. मुलाला (वय 9) शाळेत गावाच्या इतिहासावर लिहायचंय, त्यात त्याच्या वाट्याला 'वॉक-इन-द-वॉटर' ही बोट आली आहे. एरी सरोवरातली पहिली आगबोट. 1818 च्या ऑगस्टमध्ये इथल्याच ब्लॅक रॉकहून निघाली आणि साधारण 44 तासांत डेट्रॉइटला पोचली. त्याच्या पुस्तकात पुढे एकच वाक्य आहे, की हिवाळ्यात बर्फामुळे बोटी बंद असत.

शनिवारी त्याला किनाऱ्यावर नेलं. धक्क्याच्या आतल्या अंगाला, जिथे लाट लागत नाही, तिथे रात्रीतून ताजा बर्फ धरला होता. जाडी माझ्या करंगळीएवढी, आणि इतका स्वच्छ की खालचे दगड दिसत होते. पोराने काठीने टोचला तर टचकन फुटला. मग मला म्हणतो, "बाबा, एवढ्याशा बर्फाला एवढी मोठी बोट घाबरायची?"

मी म्हटलं, पुढे जाड असतो रे. त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. जाड बर्फात बोट जाणारच नाही, हे कळतं. पण डिसेंबरच्या तोंडाशी किंवा एप्रिलमध्ये, बर्फ पातळ असताना, नक्की काय धोका होता? हिमनगाचे किस्से नकोत, ते समुद्रातले. गोड्या पाण्याच्या तळ्यातलं सांगा.

हिमकण
मस्त विषय! वाचतेय.

सागरगोटा
'आगबोट' शब्द वाचूनच बरं वाटलं. आमची आजी रत्नागिरीहून मुंबईला बोटीनेच यायची. पावसाळ्यात बोटी बंद, नारळी पौर्णिमेनंतर सुरू, हे तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की वर्षातले काही महिने पाणी 'बंद' असतं हे मला लहानपणापासून पाठ आहे. पण आमच्याकडे भीती लाटांची आणि वाऱ्याची. बर्फ बोटीचं काय करतो, मलाही जाणून घ्यायचंय.

आगबोट_वेडा
बफेलोकर, मुलाने अगदी वर्मावर बोट ठेवलंय. त्याला सांगा, पातळ बर्फच वाईट.

तेव्हाच्या बोटी लाकडाच्या. फळीला फळी लावलेली, मधल्या फटीत डांबर लावलेले दोराचे धागे ठासलेले. बोट पातळ बर्फातून निघाली की बर्फ फुटतो खरा, पण जातो कुठे? त्याच्या तुटलेल्या कडा बोटीच्या अंगाला घासत मागे सरकतात. पाण्याची रेघ जिथे असते तिथेच, चार बोटं रुंदीच्या एकाच पट्ट्यावर, तासन् तास. ताजा बर्फ काचेसारखा असतो. त्यातून गोड्या पाण्याचा बर्फ समुद्राच्या बर्फाहून टणक, कारण समुद्राच्या बर्फात खाऱ्या पाण्याचे बारीक बारीक कप्पे अडकून राहतात आणि तो आतून भुसभुशीत होतो. इथे तसं काही नाही. करवत फिरावी तसा तो फळ्या खात जातो आणि फटीतले धागे ओढून काढतो. वर डेकवर उभ्या माणसाला फक्त खरखर ऐकू येते. पाणी आत आल्यावरच कळतं. म्हणून पुढे हिवाळ्यात चालवायच्या लाकडी बोटींना पाण्याच्या रेघेवर लोखंडी पत्रा ठोकू लागले.

दुसरं दुखणं चाकांचं. त्या बोटींना दोन्ही बाजूंना मोठी चाकं, चाकांना लाकडी फळ्या. बर्फाची लादी फिरत्या चाकात आली की फळ्या काडीसारख्या मोडायच्या. फळी बदलता येते, बोटीवर सुतार असेल तर. पण दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असतात. एक चाक लादीवर अडलं की त्याचा हिसका दांड्यातून थेट इंजिनात जातो. शिवाय चाकावरच्या लाकडी पेटीत उडालेलं पाणी गोठून साचतं आणि चाक पेटीतच घट्ट बसतं.

तिसरं फारसं कुणी सांगत नाही, पण मला ते सगळ्यात भयंकर वाटतं. ही इंजिनं कमी दाबाची. वाफ ढकलते त्यापेक्षा वाफ थंड केल्यावर जी पोकळी होते, तीच जास्त काम करते. वाफ थंड करायला तळ्याचं पाणी आत घ्यायचं, त्यासाठी बोटीच्या अंगाला खाली भोक. पाणी गोठायच्या बेतात असलं आणि वारा खवळला की पाण्यात बर्फाचा रवा तयार होतो. तो त्या भोकात जाऊन बसला की पाणी बंद, पोकळी बंद, इंजिन बंद. भट्टीत आग धडाडतेय, बॉयलरमध्ये वाफ आहे, आणि बोट वाऱ्याच्या हवाली.

हिमकण
वाफ थंड केल्यावर पोकळी होते म्हणजे? मी कॉमर्सवाली आहे, सोप्या भाषेत सांगा.

आगबोट_वेडा
हिमकण, गरम कुकर घाईत नळाखाली धरला की झाकण आत ओढलं जातं आणि लवकर निघत नाही ना? आतली वाफ पाणी झाली, जागा रिकामी पडली, आणि बाहेरची हवा झाकण दाबून बसली. तेच झाकण इंजिनात दट्ट्या असतो.

हिमकण
कळलं! आजपासून कुकर नळाखाली धरताना मला बोट दिसणार.

गिरगावकर
माहिती उत्तम, पण बर्फाला जरा जास्तच भाव दिला जातोय असं वाटतं. त्या बोटी मेल्या त्या आगीने, बॉयलर फुटून आणि वादळाने. 'वॉक-इन-द-वॉटर'चंच बघा, ती 1821 मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर बफेलोजवळ वादळात किनाऱ्यावर आदळून मोडली. माणसं वाचली. बर्फाचा काही संबंध नाही. शॅम्प्लेन सरोवरातली 'फिनिक्स' 1819 च्या सप्टेंबरात जळाली. 'एरी' नावाची बोट 9 ऑगस्ट 1841 ला बफेलोहून निघाल्यावर काही तासांत पेटली, दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यातली कितीतरी युरोपातून नुकतीच आलेली. ऑगस्टमध्ये कसला आलाय बर्फ?

आगबोट_वेडा
गिरगावकर, मृतांचा आकडा लावला तर तुमचंच खरं. 'एरी'वर रंगाऱ्यांचं वार्निश बॉयलरजवळ ठेवलेलं होतं, ते वाचताना आजही जीव कळवळतो. बर्फाने माणसं कमी मारली, कारण बर्फ आला की बहुतेक मालक बोट धक्क्याला बांधून टाकत.

पण बांधल्यावर धोका संपला असं नाही. हिवाळ्याआधी बॉयलर, नळ्या, इंजिन, सगळं रिकामं करावं लागे. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरमध्ये घागरभर पाणी राहिलं तरी वसंतात बघावं तर चीर. आणि बर्फ सुटताना तर विचारूच नका. 12 मार्च 1849 ला शिकागो नदीचा बर्फ पावसाच्या पुराने एकदम सुटला. हिवाळ्यासाठी बांधून ठेवलेल्या चाळीसेक बोटी आणि गलबतं दोर तोडून एकमेकांवर आदळत वाहत गेली, पूलही मोडले. तिथे कुणी प्रवासाला निघालं नव्हतं. नदीच अंगावर चालून आली.

मिशिगनवाली
गिरगावकर, 'बर्फाचा संबंध नाही' म्हणताना एक गोष्ट सुटतेय. नोव्हेंबरच्या वादळात बोटी जायच्याच का? कारण बर्फ धरायच्या आत आणखी एक फेरी, मग आणखी एक. सरोवर बंद झालं की चार-पाच महिने कमाई शून्य. भाडं चढलेलं, विम्याचे दर चढलेले, खलाशी कंटाळलेले, आणि धक्क्यावर माल पडून. त्या शेवटच्या फेरीतल्या कितीतरी बोटी वादळात गेल्या. वादळात ढकललं कुणी? पुढे येणाऱ्या बर्फाने.

आमच्या मिशिगन सरोवरातली 'चिकोरा' आठवते. ही सुरुवातीच्या काळातली नव्हे, पण गोष्ट तीच. लाकडी बोट, हिवाळी फेऱ्यांसाठी मुद्दाम मजबूत बांधलेली. 21 जानेवारी 1895 ला पहाटे मिलवॉकीहून पीठ घेऊन सेंट जोसेफला निघाली. हवा शांत होती. वायुदाब एकदम पडलाय हे लक्षात येऊन थांबवण्याची तार पाठवली गेली, पण ती पोचेस्तोवर बोट सुटली होती, असं इथे सांगतात. बोट परत आली नाही. तिचे तुकडे किनाऱ्याजवळच्या बर्फात अडकलेले सापडले. मी दर हिवाळ्यात त्या किनाऱ्यावर जाते. काठचा बर्फ एकावर एक चढून घराएवढे ढीग होतात आणि पलीकडे काळं पाणी हलत असतं. ते बघितलं की पोटात गोळा येतो.

सागरगोटा
मिशिगनवाली, 'आणखी एक फेरी' हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे 'रामदास' बोट गेली ती 17 जुलै 1947 ला, ऐन पावसाळ्यात, रेवसला जाताना. सहाशेच्या वर माणसं. घरी अजून त्या दिवसाबद्दल हळू आवाजात बोलतात.

शेवाळ
विषय गंभीर झालाय, तरी एक विचारतो. 'बर्फाची लादी' म्हटल्यावर मला गोळेवाल्याच्या गाडीवरची, पोत्यात गुंडाळलेली लादीच दिसते. या लाद्या केवढ्या असायच्या?

बफेलोकर
शेवाळ, आमच्या समोरच्या पाण्यात अंगणाएवढ्या बघतो आम्ही. एरी सरोवर लांबट आहे, वारा बहुतेक पश्चिमेचा आणि नैऋत्येचा, आणि बफेलो बसलंय अगदी पूर्वेच्या टोकाला. वसंतात अख्ख्या सरोवरातला सुटा बर्फ आमच्या दारात येऊन साचतो. क्लीव्हलँडचं बंदर मोकळं होऊन आठवडे झाले तरी बफेलो बंद, असं पूर्वी नेहमीचं. 1825 ला हडसन नदीपासून बफेलोपर्यंतचा एरी कालवा सुरू झाल्यावर पश्चिमेला निघालेली कुटुंबं सामानसुमान, पोरंबाळं घेऊन इथे येऊन थांबत आणि बर्फ हलायची वाट बघत बसत.

तसाच बर्फ 29 मार्च 1848 च्या सुमाराला नायगारा नदीच्या तोंडाशी असा काही अडकला की नायगारा धबधबाच थांबला! एक दिवसाहून जास्त वेळ. माणसं कोरड्या पात्रात उतरून हिंडली, अमेरिका-ब्रिटनच्या 1812 च्या युद्धातल्या संगिनी वगैरे वेचून आणल्या. धबधबा ज्या बर्फाने थोपवला, त्याच्यापुढे लाकडी बोट ती काय.

हिमकण
धबधबा थांबला होता?? हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. आईला लगेच फोन केला.

टोरांटोची_माई
उशिरा येतेय, पण या धाग्यावर एका बोटीचं नाव यायलाच हवं. सगळ्यांनी बोटी बांधून ठेवल्या असं नाही. 1842 मध्ये आमच्या ऑन्टारियो सरोवरात 'चीफ जस्टिस रॉबिन्सन' नावाची चाकांची आगबोट उतरली, ती मुळात हिवाळ्यात टोरांटो आणि नायगारा यांच्यामध्ये चालवण्यासाठीच. तिचं नाक पाण्याच्या रेघेपाशी पुढे काढलेलं होतं, नांगराच्या फाळासारखं. हेतू असा, की बर्फ फोडायचा आणि दोन्ही बाजूंना दूर फेकायचा.

आगबोट_वेडा, तुम्ही कडा घासण्याचं सांगितलंत ना, ते वाचल्यावर या नाकाचा अर्थ मला आज नीट लागला. इतकी वर्षं मी समजत होते की ते फक्त धडक द्यायला होतं. बर्फ दूर फेकला गेला की तो बोटीच्या अंगाला आणि चाकांना कमी लागणार!

ही बोट चालू शकली त्याला जागाही तशी होती. ऑन्टारियो सरोवर खोल, 244 मीटरपर्यंत, त्यामुळे मधलं पाणी क्वचितच गोठतं. नायगारा नदीच्या तोंडाशी प्रवाह जोरात, तिथेही पाणी वाहतं राहतं. अडचण टोरांटोच्या बंदरात, कारण ते उथळ आणि आडोशाचं. बर्फ फारच जाड असला तर बोट कडेला लागायची, माणसं बर्फावर उतरायची आणि घोड्यांच्या घसरगाड्या त्यांना गावात न्यायच्या. डोळ्यांसमोर आणा. बोटीची शिडी पाण्यात नाही, जमिनीवर नाही, बर्फावर टेकलेली. हातात ट्रंक. खाली काय आहे हे माहीत असताना पहिलं पाऊल टाकायचं.

आमच्याकडे वसंतात येणाऱ्या पहिल्या जहाजाच्या कप्तानाला बंदराचे अधिकारी उंच हॅट घालून मान देतात. 1861 पासूनची रीत. मी एकदा बघितलीय. छोटासाच कार्यक्रम, पण लोक मनापासून टाळ्या वाजवतात.

गिरगावकर
माईंची आणि मिशिगनवालींची पोस्ट वाचून मी माझं म्हणणं बदलतो. मृतांचा आकडा आगीचा मोठा, पण बोट कधी निघायची, कशी बांधायची, किती लोभ धरायचा, हे सगळं बर्फाभोवती फिरत होतं. 'संबंध नाही' हे मी घाईत लिहिलं.

एक प्रश्न: चाकं काढून बोटीच्या मागे पाण्याखाली फिरणारा पंखा लावला तेव्हा सुटका झाली का?

आगबोट_वेडा
पुष्कळ अंशी. 1841 मध्ये ऑन्टारियो सरोवराकाठी ऑस्विगोला 'व्हँडालिया' बांधली, महासरोवरांतली (एरी, ऑन्टारियो, मिशिगन वगैरे) पंख्यावर चालणारी पहिली बोट, एरिक्सन या संशोधकाच्या पद्धतीचा पंखा. पंखा पाण्याखाली, म्हणजे तरंगणाऱ्या लाद्यांपासून लांब. पण मागे घेताना लादी खाली ओढली गेली की पंख्याचं पातं मोडायचंच.

खरी गंमत पुढे झाली. 1888 मध्ये मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांना जोडणाऱ्या मॅकिनॉच्या सामुद्रधुनीत 'सेंट इग्नेस' ही आगगाडी वाहून नेणारी बोट आली. तिला पंखा मागे होताच, शिवाय पुढेही एक. पुढचा पंखा बर्फाखालचं पाणी ओढून घेतो, बर्फाचा आधार जातो, आणि वरून बोटीचं वजन आलं की तो खचतो. ज्या बर्फाला इतकी वर्षं चुकवत होते, त्याच्या पायाखालचीच जागा काढून घेतली. मला हे फार आवडतं.

रेल्वेवाला
पुढच्या पंख्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. तीच युक्ती सायबेरियातल्या बैकल सरोवरात गेली. 'बैकल' नावाची बोट इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला बांधली, सुटे भाग करून रशियात नेली आणि सरोवराच्या काठी पुन्हा जोडून 1899 मध्ये पाण्यात सोडली. अख्खी आगगाडी पोटात घेऊन पलीकडे न्यायची. पण बैकलचा बर्फ ऐन हिवाळ्यात तिलाही पेलला नाही. 1904 मध्ये जपानशी युद्ध जुंपलं, सैन्य पूर्वेला पोचवायची घाई, तेव्हा थेट बर्फावर रूळ टाकले. एक इंजिन चाचणीलाच बर्फ फुटून खाली गेलं. मग इंजिनं सुटी करून नेली आणि डबे घोड्यांनी ओढले. तिची धाकटी जोडीदार 'अंगारा' आजही इर्कुत्स्कला संग्रहालय म्हणून उभी आहे.

शेवाळ
बोटीला बर्फ नडला म्हणून बर्फावर रेल्वे, आणि रेल्वेला बर्फ नडला म्हणून घोडे. शेवटी घोडाच.

बफेलोकर
शेवाळ, आमच्या 'वॉक-इन-द-वॉटर'लाही जनावरंच लागायची! नायगारा नदीचा ओघ तिच्या इंजिनाला झेपत नसे, तेव्हा काठावरून बैलांच्या जोड्या तिला वर ओढत. लोक त्याला 'शिंगांचा वारा' म्हणत. मुलाला हे इतकं आवडलंय की त्याने बोटीच्या चित्रात बोट लहान आणि बैल मोठे काढलेत.

मिशिगनवाली
बोट जवळून बघायची असेल तर उन्हाळ्यात मुलाला व्हर्मॉंटला शेल्बर्नच्या संग्रहालयात न्या. तिथे 'टिकॉन्डरोगा' आहे, 1906 ची चाकांची आगबोट, शॅम्प्लेन सरोवरातली. 1955 मध्ये तिला पाण्यातून काढून, रूळ टाकून, शेतांमधून ओढत तिथे आणली. चाकाशेजारी उभं राहिल्यावर मी मान वर करून बघत होते. इंजिनापुढे तर बोलताच येईना, एवढं मोठं. आणि चाकाची पाण्यात जाणारी फळी? माणसाने उचलावी एवढीच. तिथे मला या सगळ्याचा नाजूकपणा कळला.

बफेलोकर
मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्याचा मूळ प्रश्न पोराचा होता, म्हणून त्याला उत्तर वाचून दाखवलं. "कडा घासतात" हे त्याला पटेना. म्हणाला, करून बघू.

काल रात्री उणे 12 होतं. घरात डेकच्या दुरुस्तीतल्या दोन पाइनच्या फळ्या उरल्या होत्या. शेजारी शेजारी ठोकल्या, मधल्या फटीत देशी दुकानातून आणलेली सुतळी पेचकसाने ठासली आणि फळ्या पाण्याने भिजवून घेतल्या. ट्रेमध्ये पाणी घालून रात्रभर बाहेर ठेवलं. सकाळी बोटभर जाडीची तावदानासारखी लादी निघाली. ती गुडघ्यावर मोडली आणि मोडलेली कड पोराने हातमोजे घालून फळ्यांवर एकाच जागी पुढे-मागे घासली. मी आकडे मोजत होतो.

साठपर्यंत काही नाही. फळीवर नुसते पांढुरके ओरखडे, नखाने ओढल्यासारखे. तो माझ्याकडे 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' अशा नजरेने बघायला लागला. नव्वदच्या पुढे फटीतून सुतळीचा एक तंतू उभा राहिला. ओली सुतळी बर्फाच्या कडेला चिकटत होती आणि पुढच्या घासणीला ओढली जात होती. दीडशेला तीन धागे बाहेर लोंबत होते. त्याने फळ्या उचलून उजेडाकडे धरल्या. फटीतून दिवा दिसला.

बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "आणि हे बोटीवर कुणाला दिसायचं नाही?"

आगबोट_वेडा
नाही, बाळा. पाण्याच्या रेघेवर असायचं ते. खाली उतरून कंदील धरून बघावं लागे.

टोरांटोची_माई
बफेलोकर, त्या फळ्या टाकू नका. शाळेत चित्राबरोबर घेऊन जाऊ दे त्याला.